नशीब, करंडक आणि दोन अंकी नाटक

तू 'ताई' म्हणून लिहिलंयस, तेव्हा मीही अरे-तुरेच करते. वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुझं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. तू सांगलीचा, वय सत्तावीस, हिंजवडीत आयटीत नोकरी. कॉलेजात लिहिलेल्या एकांकिकेला करंडक मिळाला. त्या टीममधला एक जण आता रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसतो, एक मुलगी हिंदी वेब सिरीजमध्ये गेली. तुझ्याकडे एक पूर्ण दोन अंकी नाटक आहे, तीन अर्धवट आहेत आणि एका निर्मात्याचं 'छान आहे, पण थोडं हलकंफुलकं करता येईल का?' हे एक वाक्य आहे. तुझे प्रश्न असे: या धंद्यात नशीब किती? 'मला मोठं व्हायचंय' असं उघड म्हणणं वाईट का? पाच वर्षांचं ध्येय कसं ठरवायचं? आणि नोकरी सोडू का?

नशिबाबद्दल नाटकवाले सरळ बोलत नाहीत. ज्याचं जमलं तो मेहनतीचं सांगतो, ज्याचं राहिलं तो नशिबाचं सांगतो. मला विचारशील तर नशिबाचा वाटा मोठा आहे, तुला वाटतो त्याहूनही मोठा. पण ते नेमकं कुठे येतं आणि कशाला लागतं, हे नीट बघितलं तर बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

महेश एलकुंचवारांची गोष्ट घे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा हा माणूस साठच्या दशकात नागपुरात एकदा सिनेमाला गेला. तिकीट मिळालं नाही. मग वेळ घालवायला नाटकाला जाऊन बसला. नाटक तेंडुलकरांचं, 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहतांचं. त्या संध्याकाळी त्यांच्या डोक्यात नाटक लिहायचं शिरलं. आता याला नशीब म्हणायचं नाही तर काय? सिनेमाच्या थिएटरात चार खुर्च्या रिकाम्या असत्या तर कदाचित 'वाडा चिरेबंदी' आपल्याकडे नसतं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, कारण इथे ती गोड लागते. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर एलकुंचवारांनी जवळपास वर्षभर नाटकंच वाचून काढली. मग लिहायला घेतलं. १९६७ साली 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात छापून आली. ती विजया मेहतांच्या वाचनात आली आणि पुढे 'रंगायन' या मुंबईच्या नाट्यसंस्थेसाठी त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका बसवल्या. नागपुरात इंग्रजी शिकवणारा एक अनोळखी प्राध्यापक मुंबईच्या सगळ्यात धारदार दिग्दर्शिकेपर्यंत पोचला, तोही नागपूर न सोडता.

यात नशीब तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीची आहेत. तिकीट न मिळणं हा निव्वळ योगायोग. त्यावर कुणाचा काही इलाज नाही, त्याचा विचारही करू नकोस. दुसरं म्हणजे एका मासिकाने अनोळखी लेखकाची एकांकिका छापणं. हे त्या काळाचं देणं होतं, कारण त्या मासिकाचे संपादक आलेलं लेखन खरोखर वाचत होते, परत पाठवत होते, दुरुस्त्या सुचवत होते. आणि तिसरं, विजयाबाईंनी ते पान उघडणं. हाही योगायोगच, पण तो घडायला ते पान छापलेलं असावं लागलं. बाईंना एलकुंचवार नावाचा होतकरू तरुण भेटला नव्हता, त्यांना संहिता भेटली. नाटकाच्या धंद्यात नशीब बहुतेक वेळा संहितेला लागतं आणि मग लेखकाला. तुझी तीन अर्धवट नाटकं कितीही चांगली असली, तरी ती कुणाला भेटूच शकत नाहीत.

'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं. आज एकांकिका छापणारी मासिकं जवळपास नाहीत, दिवाळी अंकांतही नाटक क्वचितच दिसतं. म्हणजे तुझ्या पिढीला संहिता ठेवायला जागा शोधावी लागते. अभिवाचन, छोट्या मंचांवरचे प्रयोग, राज्य नाट्य स्पर्धेतली गावोगावची हौशी मंडळं, आपल्याला साजेसं काही मिळतंय का हे बघत हिंडणारे नट. मी नवीन नाटकं वाचते ती बहुतेक कुठल्या तरी नटाने पाठवलेली असतात. लेखकाने थेट पाठवलेली कमी, आणि त्यातली पूर्ण असलेली फारच कमी. 'ताई, पहिला अंक पाठवतोय, दुसरा डोक्यात तयार आहे.' डोक्यातला अंक मी कसा वाचायचा?

आता तुझ्या करंडकाबद्दल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण परीक्षकाच्या खुर्चीत मी बरेचदा बसलेली आहे. तिथून काय दिसतं ते सांगते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. सकाळी पहिल्या आलेल्या टीमला अर्ध्या झोपेतलं सभागृह मिळतं. दुपारी जेवणानंतरच्या टीमला जड झालेले परीक्षक मिळतात. ज्या कॉलेजची पोरं बाल्कनीत जास्त, त्यांच्या साध्या वाक्यालाही टाळी पडते आणि ती टाळी आपण ऐकलीच नाही असं कुठल्याही परीक्षकाने म्हणू नये. तिघा परीक्षकांपैकी एकाला आशय हवा असतो, एकाला बांधणी, एकाला नट. करंडक मिळाला याचा अर्थ तुझी एकांकिका चांगली होती, एवढं नक्की. पण त्या दिवशी ती सगळ्यांत चांगली होती की त्या तिघांचं तिच्यावर एकमत होऊ शकलं, हे कुणीच सांगू शकत नाही.

पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. पुण्यातली अर्धी नाटकमंडळी त्यातून आली. २०२२ साली अंतिम फेरीतली एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर बराच वाद झाला. निर्णय बरोबर की चूक यात मी शिरत नाही. पण त्या वर्षी शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांचा विचार कर. त्यांच्या हातात पुढचं वर्ष नव्हतं. वर्षभर आधी किंवा नंतर जन्माला आले असते तर कदाचित गाणीबिणी म्हणत करंडक खांद्यावर घेऊन मिरवले असते. ज्याच्या आयुष्याचं गणित करंडकावर उभं होतं, त्याला ते वर्ष फार जड गेलं असणार. ज्याला नाटक करायचं होतं, त्याने पुढच्या महिन्यात दुसरं बसवायला घेतलं असेल.

करंडकाचा आणखी एक त्रास आहे, आणि तुझ्या दोन अंकी नाटकाचे तू पाठवलेले प्रवेश वाचताना तो मला जाणवला. एकांकिका ही स्पर्धेची भाषा शिकवते. शेवटाला धक्का, मध्ये एक अंधार, अंधारातून सांघिक आवाज, मग एका पात्राचं लांबलचक स्वगत आणि टाळी. दोन अंकी नाटकात हे चालत नाही. तिथे प्रेक्षक मध्यंतरात बटाटावडा खाऊन, चहा पिऊन परत येतो आणि त्याला परत यावंसं वाटलं पाहिजे. तुझ्या पहिल्या अंकाचा शेवट एकांकिकेचा शेवट आहे. तिथेच सगळं संपतं. दुसरा अंक मग नुसता खुलासा करत बसतो. हे दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि याचा नशिबाशी काही संबंध नाही.

चांगलं नशीब सगळ्यांनाच पचतं. वाईट आलं की काय करायचं, त्याचं मराठी रंगभूमीवरचं सगळ्यांत मोठं उदाहरण पुण्यातच घडलं. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, संस्था पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. नाटक गाजायला लागलं, त्याबरोबर वादही पेटला. १९ प्रयोग झाल्यावर संस्थेनेच नाटक थांबवलं. तू कल्पना कर. दिग्दर्शक जब्बार पटेल तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. एवढा मोठा नाच-गाण्याचा ताफा, महिनोन्‌महिन्यांच्या तालमी, आणि घरच्याच मंडळींनी पडदा पाडला. त्यातली बरीच मंडळी बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली, आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये तेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेलं.

मधल्या त्या वर्षभरात काय टिकलं? माणसं टिकली. कुणी आपले संवाद विसरलं नाही, कुणी दुसऱ्या कंपनीत गेलं म्हणून नाटकातली ती माणसांची रांग मोडली नाही. आणि का टिकली, याचं एक अगदी रुक्ष कारण आहे जे कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. नाटक बंद पडलं म्हणून यांच्यातल्या कुणाची चूल बंद पडली नाही. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचा दवाखाना. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करायचे. भाड्याचे पैसे नाटकातून यायचे नव्हते, म्हणून नाटकासाठी भांडता आलं, फुटता आलं, थांबता आलं.

इथे तुझ्या नोकरीच्या प्रश्नाला हात घालते. आपल्याकडे 'सगळं सोडून झोकून दिलं' या कथेचं फार प्रेम आहे. प्रत्यक्षात मराठी प्रायोगिक रंगभूमीचा बराचसा भाग नोकरदार माणसांनी उभा केलाय. एलकुंचवार प्राध्यापक राहिले. नाटकाबाहेरचं उदाहरण हवं तर कवी अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात होते, तिथले मोठे पुरस्कार त्यांना पुन्हा पुन्हा मिळाले. डॉ. श्रीराम लागूंनी वैद्यकी सोडली हे सगळे सांगतात, कधी सोडली ते सांगत नाहीत. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते. पूर्णवेळ नट व्हायचं त्यांनी ठरवलं १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास. त्याआधी पीडीए उभारण्यापासून 'रंगायन'पर्यंत जवळपास दोन दशकं ते हौशी रंगभूमीवर काम करत होते. डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट' आलं. दीड-दोन वर्षांत नशीब उघडलं असं वाटतं, पण गणपतराव बेलवलकर उभा करायला लागणारा आवाज आणि दम त्या दोन दशकांत कमावलेला होता. आणि तरीही, मध्ये ते डॉक्टरकीसाठी आफ्रिकेत गेले होते, तिथेच आणखी चार वर्षं राहिले असते तर ती भूमिका दुसऱ्या कुणाकडे गेली असती. मेहनत आणि योगायोग यांना वेगळं काढायचा प्रयत्न करू नकोस, ते निघत नाहीत.

पण या उदाहरणांवरून 'नोकरी धर' असं सरसकट सांगणंही आळशीपणाचं होईल. त्यांच्या नोकऱ्या आणि तुझी नोकरी एक नाही. कॉलेजातली नोकरी दुपारी संपायची, उन्हाळ्यात सुट्टी असायची. सरकारी माणूस साडेपाचला बाहेर पडायचा आणि सहाला भरतला तालमीला हजर. तू हिंजवडीतून निघतोस सातला, पोचतोस साडेआठला, आणि रात्री दहाला अमेरिकेचा कॉल. तुझी अडचण नोकरी असण्याची नाही, त्या नोकरीने संध्याकाळ खाण्याची आहे. म्हणून माझा सल्ला असा: राजीनामा देऊ नकोस, नोकरी बदल. कमी पगाराची, ठरलेल्या वेळेची, शक्यतो शहरातली. पगारात होणारी घट म्हणजे तू तुझ्या संध्याकाळी विकत घेतल्यास. हे घरी समजावणं राजीनाम्यापेक्षा अवघड जाईल, कारण राजीनाम्यात निदान नाट्य असतं. 'जास्त पगार सोडून कमी पगारावर गेला' यात सांगलीच्या नातेवाइकांना नुसता वेडेपणा दिसेल. दिसू दे.

आणि टीव्हीसाठी लिहून नोकरीची जागा भरून काढेन, असं मनात असेल तर तेही ऐक. मी मालिकांचे संवाद लिहिले आहेत, आजही कधीमधी लिहिते, त्याची मला लाज नाही. पैसे एपिसोडमागे मिळतात आणि ते नाटकापेक्षा खूप बरे असतात. हात चालता राहतो, वेळेत लिहायची सवय लागते, नटाच्या तोंडात बसणारं वाक्य कसं असतं ते कळतं. पण आधीच शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आली, चॅनेलने ट्रॅक बदलला, नायिकेला ताप आला की सकाळी सहाला फोन येतो आणि नऊपर्यंत सीन पाठवायचा असतो. असं वर्षभर केल्यावर स्वतःचं नाटक लिहायला बसलं की प्रत्येक प्रवेश जाहिरातीच्या ब्रेकवर संपायला लागतो. त्यामुळे मालिका ही नोकरीच आहे असं धरून चाल, आणि वर म्हटलेला संध्याकाळचा हिशेब तिलाही लाव.

महत्त्वाकांक्षेवर आता. तू लिहिलंयस की तालमीत कुणी विचारलं तर 'मला काही नाव-बिव नकोय, फक्त चांगलं काम करायचंय' असं तू म्हणतोस आणि घरी जाऊन मित्राच्या मालिकेचा टीआरपी बघतोस. अरे, सगळेच बघतात. आपल्याकडे नाटकवाल्याने महत्त्वाकांक्षा लपवायची रीत आहे. पैशाचं नाव काढलं की तो 'व्यावसायिक' झाला. ही रीत कुणाच्या सोयीची आहे ते बघ. लेखकाने मानधन विचारू नये, यात निर्मात्याची सोय आहे. दिग्दर्शकाने फुकट काम करावं, यात संस्थेची. तुला काय हवंय ते स्वतःशी तरी स्पष्ट बोल. नाव हवंय, पैसा हवाय, की अमुक एक नाटक अमुक तऱ्हेने व्हायला हवंय? तिन्ही हवं असणं गैर नाही, पण तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. टीव्हीवर नाव होतं ते नटाचं. लेखकाचं नाव श्रेयनामावलीत वेगाने वर सरकतं, आईने सुद्धा वाचलेलं नसतं.

आणि कुठल्या रंगभूमीवर मोठं व्हायचंय, तेही ठरव. 'मराठी रंगभूमी' म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे दादरचं शिवाजी मंदिर, पुण्याचं बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण एवढंच येतं. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा-देसाईगंज हे तिचं केंद्र. दिवाळीनंतर तिथला हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमाराला आवरतो. रात्री उशिरा नाटक चढतं ते पहाटेपर्यंत चालतं, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, मंडपात, धानकापणीनंतर हातात चार पैसे असलेल्या प्रेक्षकांपुढे. अनेक कंपन्या आहेत, लेखक आहेत, नट आहेत. २०२३ मध्ये तिथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या कित्येक नाटकवाल्यांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तू तिकडे जावंस असं मी म्हणत नाही, तुझी बोली तिकडची नाही. पण ज्या प्रेक्षकासाठी लिहायचंय तो कोण, तो तिकीट कशातून काढतो, नाटक बघून घरी कसा जातो, हे माहीत नसताना 'मोठा नाटककार' ही महत्त्वाकांक्षा पत्ता नसलेल्या पाकिटासारखी राहते.

नशीब सगळ्यांच्या दारात सारखं येत नाही, हेही बोलून टाकते. ज्याचं घर सदाशिव पेठेत आहे, ज्याच्या काकांचं निर्मात्याशी उठणं-बसणं आहे, ज्याला वयाच्या तिशीपर्यंत कुणी 'कमावतोस किती?' विचारत नाही, त्याच्याकडे योगायोग घडायला जास्त दिवस असतात. मुलींना रात्रीच्या तालमीनंतर घरी कसं जायचं हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, मग भूमिका. मी ज्या काळात सुरुवात केली तेव्हा बॅकस्टेजला उभ्या असलेल्या मुलीला कुणी लेखक समजतच नसे, चहा कुठे आहे असं विचारत. जातीचं, आडनावाचं, बोलीचं तर सांगायलाच नको. तू सांगलीचा आहेस, तुझ्या 'नव्हं'ला पुण्यात हसले असतील. म्हणून मित्राच्या आणि तुझ्या गतीची तुलना करताना दोघं एकाच ठिकाणाहून निघालेले आहेत असं धरू नकोस. तसंच तुझ्यानंतर कोल्हापुरातून, नांदेडातून येणाऱ्या पोराला तुझ्याकडे पुण्यातली खोली आहे हेच मोठं नशीब वाटेल, ते विसरू नकोस.

बरं, ध्येय. 'पाच वर्षांत माझ्या नाटकाला बालगंधर्वला हाऊसफुल्लचा बोर्ड लागला पाहिजे' असं तू लिहिलंयस. या वाक्यात तुझ्या हातातलं काय आहे? निर्माता हातात नाही. नटाच्या तारखा हातात नाहीत, तो मालिकेत असेल तर त्याच्याही हातात नाहीत. नाट्यगृहाची शनिवार-रविवारची तारीख तर ज्यांच्या चार-चार नाटकांचे प्रयोग चालू आहेत त्यांनाही झगडून मिळते. त्या आठवड्यात पाऊस पडू नये, भारत-पाकिस्तान मॅच असू नये. असं ध्येय ठरवलंस की पाच वर्षं तू दुसऱ्यांच्या डायऱ्यांकडे बघत बसणार.

कोलटकरांचा हिशेब मांडून बघ. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली आलं. त्यानंतरची पुस्तकं २००३-०४ मध्ये, एकापाठोपाठ एक, आणि सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले. मध्ये पंचवीसेक वर्षं एकही संग्रह नाही. पाच-पाच वर्षांच्या ध्येयांनी मोजलं असतं तर हा कवी पाच वेळा नापास झाला असता. त्या काळात ते लिहीत होते, फाडत होते, पुन्हा लिहीत होते. सगळ्यांना हे परवडत नाही, नाटकवाल्याला तर नाहीच, कारण नाटक कपाटात पिकत नाही, ते नटांच्या तोंडीच सुधारतं. पण लोकांना दिसणारं वेळापत्रक आणि कामाचं वेळापत्रक वेगळं असतं, एवढं यातून घे.

मग काय ठरवायचं? मी माझ्यापुरतं हे करते: वर्षाचं ध्येय मी क्रियापदाने संपवते आणि त्या क्रियापदाचा कर्ता मीच असते. 'दिवाळीपर्यंत दुसरा अंक पुन्हा लिहिणे.' 'जानेवारीत नाटक अनोळखी लोकांपुढे वाचणे.' 'उन्हाळ्याआधी चार ठिकाणी पाठवणे.' कुणी निवडलं, कुणी छापलं, किती खुर्च्या भरल्या, हे यात लिहायचंच नाही. ते झालं तर पेढे वाटू.

तुझ्यासाठी नेमकं सांगते. पहिल्यांदा ती तीन अर्धवट नाटकं. त्यातलं एक निवड आणि बाकी दोन बिनदिक्कत कपाटात टाक. अर्धवट नाटकं उशाशी ठेवली की आपण खूप काम करतोय असा भास होतो. मग पूर्ण झालेलं दोन अंकी घे. पाच-सात नट जमव, ज्यांना नाटक आधीपासून माहीत नाही असे. एकदाच तालीम करून कुणाच्या तरी दिवाणखान्यात वाचन ठेव. पंधरा-वीस माणसं पुरे, त्यातली निम्मी तरी तुला ओळखत नसावीत. तू स्वतः वाचायचं नाहीस. कोपऱ्यात बसून संहितेवर पेन्सिलीने खुणा करायच्या: कुठे खुर्च्या वाजल्या, कुठे कुणी मोबाइल उलटा करून बघितला, कुठे हसू अपेक्षित होतं आणि आलं नाही. नंतरच्या चर्चेला फार किंमत देऊ नकोस. पुण्यात चर्चा छान होते. खुणांवर विश्वास ठेव. मग पुन्हा लिही, आणि दोन महिन्यांनी वेगळ्या माणसांपुढे पुन्हा वाच.

या वाचनांना तुझ्या त्या टीव्हीवरच्या मित्राला बोलव. तू त्याच्यावर जळतोस हे तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतंय, आणि ठीक आहे, आपण संत नाही. पण धंद्याच्या बाजूने बघ. मालिका कधीतरी संपते. ती संपली की घराघरांत ओळखीचा झालेला हा नट पहिली गोष्ट शोधेल ती नाटक, कारण मालिकेच्या चेहऱ्यावर दौरे लागतात. तेव्हा त्याला कुठली संहिता आठवेल? ज्या नाटकाचं वाचन त्याने केलंय ती. मराठीतली कितीतरी नाटकं अशीच उभी राहिली आहेत: कुणाच्या तरी मोकळ्या तारखा आणि कुणाची तरी तयार संहिता.

सहा-आठ महिन्यांनी हातात नवी संहिता असेल तेव्हा ठिकाणं निवड. प्रायोगिकवाल्यांना एक, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या चांगल्या हौशी मंडळाला एक (सांगली-मिरजेत ती अजून चांगली आहेत), एक व्यावसायिक निर्मात्याला. हौशी मंडळाने नाटक केलं म्हणजे ते वाया गेलं असं समजू नकोस. मात्र कुणालाही देताना दोन ओळींचं का होईना, लेखी ठेव: प्रयोगामागे मानधन किती, किती काळासाठी हक्क, बदल करायचे तर कुणाला विचारायचं. 'आपल्यात काय करार करायचा' असं म्हणणाऱ्याशी आधी करार कर.

तुला वाटतं तो निर्माता तुझ्या नाटकाचा अपमान करून गेला. मला तसं वाटत नाही. त्याचं गणित वेगळं आहे. प्रत्येक प्रयोगाला नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, नटांची नाइट म्हणजे प्रयोगामागचे पैसे, बॅकस्टेजची माणसं, दौऱ्याला बस, सेटचा टेम्पो. पात्र वाढलं की नाइट वाढते, दुसरं स्थळ आलं की टेम्पो मोठा लागतो. म्हणून व्यावसायिकला पाच पात्रं, एक दिवाणखाना आणि एक ओळखीचा चेहरा एवढ्यात बसणारं नाटक आधी वाचलं जातं. 'हलकंफुलकं करा' या वाक्यात पुष्कळदा विनोदाची मागणी नसतेच. खर्च जमत नाहीये हे तोंडावर सांगायचा तो सभ्य मार्ग असतो. तुझ्या नाटकात सात पात्रं आहेत, त्यातला तो पोस्टमन आणि शेजारीण मला तरी सहज जोडता येतील असे वाटले, पण नाटक तुझं आहे. त्याला फोन कर आणि सरळ विचार: पात्रं सातची पाच केली, सेट एकच ठेवला, विषय हाच राहिला, तर पुन्हा वाचाल का? हो म्हणाला तर एवढा एक खर्डा त्याच्यासाठी कर, आणि मूळचा जपून ठेव. नाही म्हणाला तर पोस्टमनला राहू दे आणि वाचनाची तारीख ठरव.